पाच पोती पऱ्हाटी

भडगावच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. गिरणेचं पात्र कोरडं, मधे एक हिरवट डबकं. तिथून बैलगाडीने सहा किलोमीटरवर नानांचं गाव; नाना ओळखीतले कापूस पिकवणारे शेतकरी.

आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी शेतातल्या टाकाऊ काड्यांवर वाढवायची होती. ती जे विकर (एन्झाइम) सोडते, त्याने काडीतल्या सेल्युलोजची साखर होते. मला पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरणारी वाळकी झाडं) हवी होती.

हे ऐकून नाना हसले. "तुम्ही बुरशी पिकाडतस? मंग आमनी लोनचानी बरनी लई जा."

घरामागे पऱ्हाटीची रास रचलेली होती. गरज एका पोत्याची होती; कमी पडू नये म्हणून मी सगळीच मागितली. नानांनी बायकोकडे, अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "बठ्ठी लई जा, भाऊ." संध्याकाळपर्यंत कुट्टीच्या यंत्रातून बोटभर तुकडे होऊन पाच पोती भरली. मी मोजून खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर जेवायला बसलो. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची), शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत. आत शेजारीण बोलत होती.

"बठ्ठं दिधं. आते चूल्हामा काय घालशी, पाट घालशी?"

"हळू बोल," अक्का म्हणाल्या. "पावना जेवी ऱ्हायना."

मी वाकून पाहिलं. चुलीत मोडक्या बाजेचे पाय जळत होते. तिसरी भाकरी माझ्या ताटात होती.

"नाना, ती रास सरपणाची होती?"

"दोन महिनानं सरपन व्हतं. पावसाळानं."

"मग नाही का म्हणाला नाहीत?"

"दारमा उना पावनाले नही कसं म्हनू?"

मी चार पोती ठेवून जातो म्हणालो. नानांनी मूठभर कुट्टी उचलून पाहिली. "ही भडकन पेटस नि विझस. भाकर कच्ची ऱ्हाई." भडगावच्या वखारीतून लाकूड पाठवतो म्हणालो, तर ते पहिल्यांदाच गंभीर झाले. "पावनाकडथून सरपन लिधं, तर गावमा तोंड कसं दखाडू?"

तरी चार पोती ओट्याजवळ ठेवून मी निघालो. एस.टी.च्या टपावर एकच पोतं होतं. वाटेत सगळीकडे घरामागच्या राशी दिसत होत्या. येताना त्या मी एकरी इतका टाकाऊ माल म्हणून वहीत मांडत आलो होतो.

पुण्यात पाचव्या दिवशी कुट्टीवर बुरशी धरून प्रयोगाची तबकं हिरवी झाली. साखरही आली. अहवालात 'कच्च्या मालाचा सध्याचा उपयोग' असा रकाना होता. मी लिहिलं, 'एका घराचं दोन महिन्यांचं सरपण.' साहेब म्हणाले, "एका घरावरून असं ठरवता येत नाही हो." टंकलिखित प्रत आली, तिच्यात 'उपयोग नाही' असं होतं. मी ती दोनदा वाचली आणि खाली सही केली.