शेवट विचारणारी बाई

साठ सालच्या आसपास पनवेलच्या वाचनालयात संध्याकाळी आम्हा रहस्यकथा आणि भुताखेतांची पुस्तकं वाचणाऱ्या शहाण्यांचा अड्डा जमायचा. "हे न्या, दिवा मालवायची हिंमत होणार नाही," असं छातीठोक सांगायचं, पण शेवट फोडायचा नाही, हा आमचा कायदा.

एक नऊवारीतली बाई मात्र प्रत्येक पुस्तकाला एकच विचारायची, "खुनी सापडतो का?" सापडतो म्हटलं की पुस्तक पदराखाली धरून न्यायची, नाही म्हटलं की बोटानेच परत सरकवायची. तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही.

एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, शेवट आधीच कळल्यावर वाचायला राहिलं काय?"

"पोलीस," ती म्हणाली. "पुस्तकातले पोलीस घरच्यांना खोदून खोदून विचारतात. माझी लेक उरणला सासरी जळाली, तेव्हा आलेल्यांनी नुसतं स्टोव्हकडे पाहिलं, सासूच्या हातचा चहा घेतला आणि गेले."

पुस्तक पदराखाली घेऊन ती पायऱ्या उतरली. मग कोणीतरी घसा खाकरून म्हणालं, "ते विहिरीतल्या हडळीचं वाचलंत का? अंगावर काटा येतो हो!"