गोळी केवढी, चिंधी केवढी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो, ते आपोआप साचतात! पौडला एस्टी स्टँडजवळ आमच्या अब्बांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं, रीतसर लायसनवालं. सत्तर-ऐंशीच्या काळात मी तिथे बसायचे. संसार मोडून माहेरी आलेली बाई, बसायला दुसरी जागा कुठली? आता कुणी चहाला आलं की एक किस्सा सांगते, मग दुसरा आपणहून निघतो. हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

बरेचसे किस्से जवळच्या मुठा गावच्या तात्यांचे. त्यांच्याकडे पणजोबांचं ठासणीचं पिस्तूल होतं. तोंडातून दारू घालायची, त्यावर चिंधीत धरलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे सगळी मेख मापात! गोळी नळीपेक्षा जराशी लहान हवी आणि उरलेली जागा चिंधीने भरून निघायला हवी. सैल राहिली तर जोर जातो, घट्ट झाली तर अडकते. तात्या आंबेमोहराच्या खाचरांवर रानडुकरं हाकलायला ते पिस्तूल उडवायचे. डुकरं नुसत्या आवाजाला पळायची, पण तात्यांना नेम हवा होता!

*

पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "हमीदभाई, सगळ्यात मोठी असंल ती गोळी द्या."

"का हो?"

"बारकी गोळी बघून डुकरं हसत्यात!"

अब्बांनी समजावून मापाची गोळी दिली. तात्यांनी घरी जाऊन शिसं वितळवलं, स्वतःच मोठी गोळी ओतली आणि चिंधीबिंधी न लावता हातोडीने ठोकली. ती अर्ध्या नळीत रुतली. दुसऱ्या दिवशी तसंच दारू भरलेलं पिस्तूल पिशवीत घालून, एस्टीने, दुकानात हजर!

अब्बा जीव मुठीत धरून गोळी काढत होते, एवढ्यात गावचा एक जण सांगत आला, "तात्या, डुकरांनी वरचं खाचर पार लोळवलं."

तात्यांनी अब्बांच्या हातातल्या पिस्तुलाकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी त्यास्नी कळलं व्हय?"

*

चिंधीचं डिपार्टमेंट माझं. कापड बोटांत चोळून मी जाडी सांगायचे. खादी जाड पडायची, मलमल जळून जायची. एकदा तात्यांनी कोरं टेरिलीन आणलं, घडीसुद्धा न मोडलेलं. पिंपरीला कंपनीत असलेल्या मुलाने दिवाळीला पाठवलेलं.

"तात्या, हे वितळतं. नळीला चिकटून बसेल. त्यापेक्षा शर्ट शिवा की!"

"कुणाला दावायला? पोरगं कापड धाडतंय, सवता येत न्हाई."

मी कापलं नाही, तर त्यांनी घरी जाऊन कापलं. नळीत अशी काही राळ जमली, की अब्बांचे हात घासून घासून भरून आले. तरी गंमत म्हणून मी विचारलं, "मग, बार कसा झाला?"

"लई मोठा! पार पिंपरीपत्तूर गेला असंल." मग डोक्यावरची टोपी काढून झटकत म्हणाले, "पर कुणी आलं न्हाई."

*

एकदा गंगाकाकू, म्हणजे तात्यांची बायको, बरोबर आल्या. पिस्तूल त्यांच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं होतं. मी सवयीने तो तुकडा चोळून बघितला. धुऊन धुऊन मऊ झालेला, पण वीण घट्ट. अगदी हवा तसा! मी त्याच्या गोल चिंध्या कापून तेल लावून दिल्या. आणि खरंच, तात्यांची गोळी पहिल्यांदा नेम धरलेल्या बाभळीत घुसली. पुढच्या बाजारी ते स्टँडभर सांगत फिरले, "आमच्या घरातलं कापड हाय!"

मी म्हटलं, "काकू, तुमच्या लुगड्याने नाव काढलं!"

काकू बशीतला चहा फुंकत म्हणाल्या, "अंगावर होतं तवा कुणाला दिसलं न्हाई गं. फाडलं तवा नेम लागला."

*

तपासणीचा किस्सा मात्र अब्बांना सांगितलेला आवडायचा नाही. दुकान तपासायला आलेल्या एका साहेबांनी एक जुनी बंदूक उचलून विचारलं, "नळीचं माप किती?"

अब्बा म्हणाले, "साहेब, हाताने ठोकलेली नळी आहे. तोंडाशी एक माप, आत दुसरं."

"एक काहीतरी बोला!" असं म्हणून त्यांनी मनानेच रजिस्टरात एक आकडा टाकला. पुढच्या वेळी दुसरे साहेब आले, त्यांनी मोजलं आणि ओरडले, "माप जुळत नाही! नळी बदललीत तुम्ही!"

अब्बांना दिवसभर कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. रमजानचा महिना, अब्बांचा रोजा. संध्याकाळी साहेबांनी आत बोलावलं. "आता काय करायचं?"

"साहेब, तेवढा आकडा बदला."

"सरकारी आकडा आहे तो! नळी बदला!"

*

पुढे दुकानाला नवा बोर्ड केला. माझा भाऊ पुण्यात फ्रीज विकायचा. गज कुठल्या बाजूने धरतात तेही त्याला माहीत नव्हतं. पण बोर्डावर अब्बांच्या नावापुढे "अँड सन" आलं. मी आत चिंध्या कापत बसले होते. पेंटरने शिडीवरून विचारलं, "चाचा, बाजूला जागा उरतीया. डॉटर पण टाकू का?"

अब्बा म्हणाले, "जागा उरली म्हणून काहीही लिहायचं का?"

कात्री थांबली नाही माझी. त्या दिवशीच्या चिंध्या मात्र सगळ्या वाकड्या आल्या, म्हणून अब्बा रागावले!

*

तात्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि ते अंथरुणाला खिळले. हातपाय गेले, जीभ तेवढी शाबूत. येणारा-जाणारा सांगायचा, दिवसभर काकूंना शिव्या घालतात, पाणी दिलं तरी शिव्या, नाही दिलं तरी शिव्या. दोन पावसाळे असे गेले, मग तात्या वारले.

दिवसकार्य झाल्यावर काकू पिस्तूल जमा करायला एकट्याच आल्या, लायसन तात्यांच्या नावाचं होतं ना. अब्बांनी सवयीने नळीत गज सोडला. तो तळाच्या जरा अलीकडेच थांबला.

"काकू, हे भरलेलं आहे!"

"व्हय."

"कुणी भरलं? तात्यांचे हात तर..."

"मीच भरलं."

अब्बांनी पिस्तूल बाजूला घेऊन गजाच्या टोकाला स्क्रू लावला आणि गोळी बाहेर ओढली. मी चिंधी उलगडून बघितली. गोळीचं माप, चिंधीची जाडी, तेल, काडीचाही फरक नव्हता. तात्यांना इतकं नेमकं कधी जमलं नव्हतं.

अब्बांनी हळूच विचारलं, "डुकरांसाठी का?"

"खाचरं कवाच पडीक हायेत."

अब्बा गज पुसू लागले. शेवटी मीच विचारलं, "काकू, मागे टोपी का नाही बसवली?"

"रोज बसवायची," काकू म्हणाल्या, "आन् रोज काढायची." मग पदर सावरत त्या उठल्या. "मुठ्याची यष्टी गेली का गं?"