वडिलांनी खाल्लेला भात

मेलकावेरीचे सेतूराव इन्स्पेक्टर पोलिसखात्यात राहूनही सत्य शोधण्याच्या भानगडीत पडले, हा त्यांचा एकमेव दोष. एरवी गृहस्थ निर्व्यसनी होते. तंजावरचे राज्य खालसा झाल्यावर आम्हां मराठी मंडळींना दोनच उद्योग उरले: कचेरीत भाषांतरे करणे आणि पूर्वजांविषयी बोलणे. सेतूरावांना दोन्ही साधले नाहीत.

कार्तिक अमावास्येस तिरुविसनल्लूरच्या विहिरीत गंगा येते. ज्या सत्पुरुषासाठी ती प्रथम आली, त्याने श्राद्धाचे अन्न एका भुकेल्या अंत्यजास दिले होते, आणि त्यापायी विद्वानांनी काशीस जाऊन गंगास्नान करीपर्यंत त्याला वाळीत टाकले होते. आता त्या विद्वानांचे वंशज तेथे बुडी मारून पावन होतात. या यात्रेत लागोपाठ दोन वर्षे धर्मशाळेत उतरलेले सुखवस्तू म्हातारे स्नानानंतर बरळू लागले, त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या, आणि सकाळी ते मेलेले व त्यांच्या अंगावरचे सोने नाहीसे झालेले आढळले. पहिल्या वर्षीच्या मृतांत सेतूरावांचे वडील रघुनाथराव होते. डॉक्टरांनी धोतऱ्याचे विष सांगितले.

तेव्हापासून सेतूरावांची झोप गेली. कोणी जेवताना त्यांना पाहवेना. पंक्तीत बसले की शेजाऱ्याच्या पानाकडे बोट दाखवून विचारीत, "हे रांधले कोणी?" लोकांनी त्यांना आमंत्रणे देणे सोडले, तपासाला तेवढाच वेळ मिळाला.

तिसऱ्या वर्षी, यात्रा जवळ आली असता, त्यांनी दारासुरम् येथे कल्याणराम नावाचा फिरता स्वयंपाकी पकडला. गळ्यात जानवे, कपाळी गंध, वाणी मधाची. पेटीत धोतऱ्याचे बी आणि एका मृताची अंगठी. बी दम्यासाठी आहे आणि अंगठी दानात मिळाली, असे त्याने नम्रपणे सांगितले. मॅजिस्ट्रेटसाहेबांना एवढाच पुरावा हवा होता की, मृताने याच्या हातचे खाल्ले. तसे पाहिलेला एक साक्षीदार पुढच्या सुनावणीस न आल्यास आरोपी सुटणार होता, आणि यात्रेला पुन्हा चूल मांडणार होता.

सेतूराव प्रथम कृष्णमूर्तिरावांकडे गेले. हे कोर्टातले भाषांतरकार. त्यांचेही वडील त्या धर्मशाळेत त्यांच्यासमक्ष वारले होते. शिवाय त्यांच्या मुलाशी सेतूरावांची मुलगी पंकजा हिचे लग्न माघात व्हायचे ठरले होते.

"आपल्या तीर्थरूपांनी त्या दिवशी काय खाल्ले?"

"परक्या हातचे पाणीसुद्धा नाही."

"मग धोतरा पोटात कसा गेला, राव?"

"त्याचा शोध लावायला सरकार आपल्याला पगार देते. आणि व्याह्याकडे यायचे ते सुपारी घेऊन यावे, शिपाई घेऊन नव्हे."

प्रत्येक घराने हेच सांगितले. कुळ-गोत्र न विचारता परक्या हातचा भात खाल्ला असे कबूल केले, तर मृताचा आचार बुडतो आणि साऱ्या घराला प्रायश्चित्त लागते. तेव्हा साक्षीपुराव्यावरून सगळे मृत उपाशी होते, आणि उपाशी माणसांना विष देण्याचा आरोप कोणावर ठेवणार? आमच्या सोवळ्याइतका निष्णात वकील कल्याणरामाला मद्रासेतही मिळाला नसता.

राहिली त्यांची स्वतःची आई, मीनाक्षीबाई. त्या नवऱ्याबरोबर यात्रेला होत्या. बायकांची रांग लांब, त्यांचे स्नान व्हायचे होते, म्हणून त्या जेवल्या नव्हत्या.

"आई, अप्पांनी त्या दिवशी काय खाल्ले?"

"पोलीस म्हणून विचारतोस की लेक म्हणून?"

"पोलीस म्हणून."

"मग काही खाल्ले नाही."

"आणि लेक म्हणून?"

"चिंचेचा भात. दोनदा मागून घेतला. म्हणाले, तुला असा कधी जमला नाही."

"वाढला कोणी?"

"त्याच मेल्याने. कोर्टात सांगेन, पण पंकजा सासरी गेल्यावर. माघ काही दूर नाही."

"अमावास्या त्याच्या आधी आहे, आई."

मीनाक्षीबाईंनी चुलीवरचे भांडे खाली उतरवले. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षे माझ्या स्वयंपाकाला नावे ठेवून शेवटी हे खाऊन गेले. गाडी सांग."

त्यांनी डोक्यावरचा पदर ढळू न देता साक्ष दिली. आरोपीच्या वकिलाने विचारले, "आपले यजमान इतके आचारनिष्ठ, ते असे खातील?" त्या म्हणाल्या, "भूक लागली होती." सेशन कोर्टाने कल्याणरामाला जन्मठेप दिली. त्या अमावास्येस कोणी मेले नाही. अर्थात न मेलेल्या माणसाच्या घरून आभार यायची रीत नाही.

कृष्णमूर्तिरावांकडून मात्र निरोप लगेच आला: मुलीत दोष नाही, पण आजोबांचा आहार कोर्टात सिद्ध झाला आहे. पाठोपाठ गल्लीने सेतूरावांच्या विहिरीचे पाणी सोडले. मॅजिस्ट्रेटसाहेबांना बढती मिळाली.

पुढे तुरुंगातून खात्याला विचारणा आली. कैदी कल्याणराम अन्न घेत नाही. तुरुंगातला स्वयंपाकी त्याच्या आचाराला चालत नाही, असे म्हणतो. चौकशी करून अभिप्राय द्यावा. सेतूरावांनी रीतसर चौकशी केली आणि कैद्याचे म्हणणे शास्त्राला धरून असल्याचे प्रमाणपत्र दिले. सरकारने त्याच्यासाठी ब्राह्मण स्वयंपाकी नेमला.

रघुनाथरावांच्या पुढच्या श्राद्धाला सेतूरावांना मात्र स्वयंपाकी मिळाला नाही. विस्तवापुढे ते स्वतः बसले. श्राद्धाच्या ब्राह्मणांसाठी पाने दोन मांडली होती. त्यांवर बसायला कोणी आले नाही.