हाताचा गुण

बाबांनी आज कुंडीतून अनंताची फांदी हलकेच उपटली आणि उन्हात धरली. तिला बारीक, पांढरी मुळं फुटली होती. "हाताचा गुण गेला नाही माझ्या," ते आईला म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांनी लावलेली प्रत्येक फांदी वाळत होती. ज्यांच्याकडून सगळी आळी रोपं न्यायची, ते बाबा कुंड्यांकडे पाठ करून बसू लागले. म्हणून या वेळी ते जेवायला आत गेल्यावर मी त्यांच्या फांद्या मातीतून काढल्या, टोकांना मुळं फुटण्याची पावडर लावली आणि होत्या तशा पुन्हा खोचल्या.

ही पावडर रोपवाटिकेत कुणालाही मिळते, तिच्यात लबाडी काही नाही. मुळं फांदीचीच असतात, पावडर त्यांना फक्त जागं करते. हे मी स्वतःला कितीदा सांगितलं, तरी बाबांचा उजळलेला चेहरा मला बघवत नाही. प्रेमानं केलेली गोष्टही लपवावी लागली की चोरीसारखी का वाटते?

बाबांनी एक फांदी मलाही लावायला दिली होती. तिला मी पावडर लावली नव्हती आणि ती वाळून गेली. ती बघून बाबांनी आज नवी फांदी कापली, माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवून ती मातीत खोचायला शिकवली.

"जमेल हळूहळू," ते म्हणाले. "मी आहे ना."

"हो बाबा," मी म्हणाले.