बाईंचे पिवळे बगळे

सांत्वनाला गेल्या घरीही बाई समईकडेच बघत बसायच्या. गेलेल्या माणसाची बायको समोर डोळे पुसत असायची आणि बाई मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून कोपऱ्यातलं पितळ न्याहाळत असायच्या. एकदा मी त्यांच्या शेजारी होतो. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "साळवी, तिच्या पोटात किती काळं आहे बघा." मी दचकून त्या माउलीकडे पाहिलं. "समईच्या हो," बाई म्हणाल्या. "चमकणाऱ्या वस्तूत निम्मा काळोखच असतो. तो नीट लावला की चमक आपोआप येते."

गिरगावातल्या फणसवाडीत त्यांना सगळे धुरूबाई म्हणत. आम्ही विद्यार्थी आपसात चकाकीबाई म्हणायचो. शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. रविवारी सकाळी वाडीतल्या आपल्या दोन खोल्यांत त्या मोठ्या माणसांना जलरंग शिकवत, आणि विषय दोनच: पक्षी आणि चकाकणाऱ्या वस्तू. फुलं नाहीत, डोंगर नाहीत, मावळता सूर्य तर मुळीच नाही. कुणी फुलांचा आग्रह धरला तर म्हणायच्या, "फुलं मुळातच सुंदर असतात. तिथे आपलं काय काम?"

मी तिथे पोचलो तो बायकोच्या कृपेने. विमा कंपनीतली नोकरी लवकर सोडून मी घरी बसलो आणि स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायला घेतले. हळदीच्या डब्यात मोहरी सापडली त्या दिवशी सुरेखा म्हणाली, "तुम्ही काहीही शिका. बासरी शिका, पोहायला शिका. फक्त माझ्या ओट्यापासून लांब राहा." तिच्या मैत्रिणीने बाईंचा पत्ता दिला. येताना घरातलं एक स्टीलचं भांडं आणायचं, एवढीच अट होती. पहिल्या रविवारी मी चकचकीत लोटी घेऊन गेलो. खोलीभर तांबे, पातेली, पेले, एक कुकरचं झाकण. बोहारणीचं दुकान मांडल्यासारखं दृश्य होतं आणि त्यामध्ये चांगली शिकलीसवरलेली माणसं भांड्यांकडे एक डोळा मिटून बघत होती.

पांढरा रंग बाईंना वर्ज्य होता. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद, तो राखायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. एका नवशिक्याने पांढऱ्याची ट्यूब आणली होती. बाईंनी ती काढून घेतली आणि त्या रंगाने भिंतीतली खिळ्याची भोकं बुजवली. "आता कामाला आली," म्हणाल्या. माझी अडचण वेगळी होती. रिकामा रकाना दिसला की भरायचा, हे नोकरीत अंगात मुरलेलं. बगळा काढायला घेतला की आजूबाजूचं पाणी रंगवता रंगवता ब्रश नकळत बगळ्याच्या आत शिरायचा आणि शेवटी कागदावर नुसता तलाव उरायचा. बाई मागून यायच्या. "सोडा हो साळवी, कागद सोडा. बगळ्याला काही होत नाही. तो तुमच्याशिवाय उभा राहू शकतो."

वाडीत तळमजल्यावर सामंत म्हणून एक गृहस्थ राहत. त्यांच्या गाडीच्या आरशावर रोज सकाळी एक दयाळ पक्षी येऊन तुटून पडायचा. आरशात दिसणारा दुसरा दयाळ आपली जागा बळकावायला आला आहे अशी त्याची समजूत. चोची मारून, शिटून त्याने गाडीची दशा केली होती. वैतागून सामंतांनी दोन्ही आरशांवर पायमोजे चढवले. बाई रोज सकाळी जाऊन ते मोजे काढायच्या आणि स्टूल टाकून चित्र काढत बसायच्या. एका रविवारी आम्ही सगळे तिथेच होतो तेव्हा सामंत खाली आले.

"बाई, आरसा माझा आहे."

"आरसा तुमचाच," बाई चित्रावरून नजर न काढता म्हणाल्या. "आतला पक्षी माझा."

"आणि घाण?"

"ती बाहेरच्या पक्ष्याची. त्याच्याशी बोला."

सामंतांनी वाकून चित्र पाहिलं. मग म्हणाले, "मला जरा बारीक दाखवा, पोट दिसतंय." तेव्हा आम्हाला कळलं की आरशाच्या कडेला त्यांचीही आकृती चित्रात आली होती. पुढे मोजे फक्त सोमवार ते शनिवार चढू लागले.

आमच्या वर्गात दादरच्या डॉक्टर पेडणेकर होत्या. दातांच्या डॉक्टर. स्पष्ट बोलायची सवय, कारण समोरच्याचं तोंड कायम उघडं आणि बोलणं बंद. एका रविवारी बाईंनी आपला नवा बगळा भिंतीला टेकवून ठेवला. कागद कोरा सोडण्याऐवजी त्याच्या अंगावर पातळ रंगाचा हात फिरवलेला होता. डॉक्टर जवळ जाऊन म्हणाल्या, "बाई, हा ए-थ्री आहे."

"म्हणजे?"

"आमच्याकडे नमुन्याच्या दातांची पट्टी असते, पेशंटच्या दाताशी रंग जुळवायला. ए-थ्री म्हणजे बऱ्यापैकी पिवळा."

"संध्याकाळचा बगळा आहे तो."

"खाली तुम्ही 'सकाळ' लिहिलंय."

"सकाळीही ऊन पिवळंच असतं," बाई म्हणाल्या आणि विषय संपला. पण पिवळेपणा वाढतच गेला. पाणी चहासारखं दिसू लागलं, स्टीलची भांडी पितळी होऊ लागली. काहीजण म्हणाले, बाईंची नवी शैली आहे. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "मोतीबिंदू तपासलात का?" बाई म्हणाल्या, "माझी नजर ठीक आहे. मुंबईच धूसर झाली आहे." ही गोष्ट खोटी नसल्यामुळे कुणाला काही बोलता येईना. एकटीच्या संसारात डोळ्यांवर सुरी चालवून घ्यायची त्यांना धास्ती होती. "हात गेला तर डाव्याने काढीन," एकदा मला म्हणाल्या होत्या, "डोळ्याचं काय करू?"

आणि मग बाणगंगेचा रविवार आला. बाई आम्हाला तिथे बदकं आणि पाण्यातली पडछाया शिकवायला घेऊन गेल्या होत्या. पायऱ्यांवर बसवून त्यांनी समोरच्या काठाकडे बोट केलं. "तो बगळा बघा. मॉडेल असावं तर असं. मघापासून हललेला नाही. मान आत घेऊन कसा ध्यान लावून बसलाय."

आम्ही पाहिलं. काठाजवळच्या काठीला अडकलेली ती प्लॅस्टिकची पांढरी पिशवी होती.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी पाण्याकडे पाहिलं. मग एकेकाने मुकाट्याने चित्र काढायला सुरुवात केली. बाकीच्यांनी बगळा काढला. मला न दिसलेलं काढता येत नाही, म्हणून मी पिशवी काढली. बाई मागे येऊन थांबल्या, कागद जवळ घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "साळवी, प्रथमच तुम्ही पांढरं सोडलंत. मान जमली नाही, पण अंग छान आहे." तेवढ्यात वारा आला. बगळा फुगला, काठीवरून सुटला आणि पाण्यावर उलटासुलटा होत गेला. एक बदक त्याच्यामागे थोडं अंतर पोहून परत आलं.

बाईंनी सामान आवरलं. परतताना टॅक्सीत मी पुढे बसलो होतो, त्या मागे. गिरगाव जवळ आलं.

"साळवी," त्या म्हणाल्या, "ती पिशवी होती का?"

"हो बाई."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासूनच."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. ठाकूरद्वारच्या सिग्नलला म्हणाल्या, "डॉक्टरबाईंना विचारा, त्यांच्या ओळखीत डोळ्यांचं कोणी आहे का."

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा सुरेखा आणि मी तिथे होतो. सिस्टर ड्रॉप्सचा ट्रे घेऊन आली आणि बाई त्या ट्रेकडे बघत राहिल्या. स्टीलचा साधा ट्रे. "ह्याच्यात निळा आहे," हळूच म्हणाल्या. "मी निळा विसरले होते." सुरेखाने त्यांचा हात धरला. सिस्टर म्हणत होती, "आजी, रडायचं नाही हं, डोळ्याला चालत नाही."

घरी आल्यावर मात्र गोंधळ झाला. गिरगावातल्या एका छोट्या सभागृहात बाईंच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलेलं होतं, फ्रेमा करून भिंतीशी उभ्या होत्या. बाईंनी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. पुन्हा पहिला. "ह्या सगळ्यांना कावीळ झाली आहे," त्या म्हणाल्या.

"मी ए-थ्री म्हटलं होतं," डॉक्टर म्हणाल्या.

"प्रदर्शन रद्द करा. मी शिकवते काय आणि लावते काय. लोक हसतील."

डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. उपयोग झाला नाही. बाई फ्रेमांची तोंडं भिंतीकडे फिरवत चालल्या होत्या. शेवटी सुरेखा, जी चित्राच्या वाटेला कधी गेली नाही, ती म्हणाली, "बाई, तेव्हा तुम्हाला जे दिसत होतं तेच काढलंत ना? न दिसलेलं तर नाही काढलंत? मग फिरवताय कशाला?"

बाई थांबल्या. हातातली फ्रेम तशीच धरून खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "लावा. पण मी दारात उभी राहणार."

आणि खरोखरच त्या दारात उभ्या राहिल्या. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "डाव्या बाजूचे ऑपरेशनच्या आधीचे आहेत, उजवीकडचे नंतरचे. बगळा असा नसतो." लोक आधी डाव्या बाजूलाच जायचे. पक्ष्यांची माहिती असलेले एक गृहस्थ दुर्बीण गळ्यात घालून आले होते. त्यांनी बाईंचं अभिनंदन केलं. "विणीच्या दिवसांतला गायबगळा काय अचूक पकडलात. तेव्हाच त्याला हा पिवळसर रंग येतो."

"तो गायबगळा नाही. साधा पांढरा बगळा आहे. मला दिसत नव्हतं."

"विनय आहे तुमचा," गृहस्थ म्हणाले आणि फोटो काढून गेले. बाई संतापून आत आल्या, डावा डोळा उघडा ठेवून उजवा मिटला आणि आपल्याच चित्रापुढे उभ्या राहिल्या. "ह्या डोळ्याने बघितलं तर बरोबर आहेत हो," मला म्हणाल्या. प्रदर्शन संपेपर्यंत त्यांनी त्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं नाही.

पुढच्या वर्षी वाडीतली त्यांची इमारत पाडायला निघाली. नवी उभी राहीपर्यंत थांबण्याचं आपलं वय नाही, असं म्हणून बाईंनी बडोद्याला भाचीकडे जायचं ठरवलं. निघण्याच्या दिवशी सामान पुढे गेलं होतं, गाडीला वेळ होता. मी त्यांना जेवायला करी रोडला आमच्याकडे आणलं. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यात आम्हाला बराच वरचा मजला मिळाला आहे. बाई खिडकीशी गेल्या आणि तिथेच राहिल्या. खाली घारी फिरत होत्या.

"आजवर घारीचं पोटच पाहिलं," त्या म्हणाल्या. "पाठ अशी असते होय."

समोरच्या इमारतीच्या काचेतही घार फिरत होती, थोडी वाकडी, थोडी निळी. मी कागद आणि रंग पुढे केले. बाईंनी ते माझ्याकडे परत सरकवले. "तुम्ही काढा. मी बघते."

त्या पूर्ण वेळ माझ्यामागे उभ्या होत्या आणि एकदाही 'कागद सोडा' म्हणाल्या नाहीत. सुरेखाने दोनदा पानं वाढल्याचं सांगितलं. शेवटी ब्रश ठेवला तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं. "घार चुकली. काच बरोबर आली." मग म्हणाल्या, "हे मला द्या."

"बाई, नीट काढून बडोद्याला पाठवतो."

"नीट नको. हेच द्या."

जेवून आम्ही खाली उतरलो. कागद अजून ओला होता. मी गुंडाळायला लागलो तर त्यांनी अडवलं. रंग पसरतील म्हणाल्या. टॅक्सीत बसून त्यांनी चित्र दोन्ही हातांवर आडवं घेतलं, भरलेलं ताट धरावं तसं, आणि ड्रायव्हरला सांगितलं, "सावकाश चला." सुरेखा आणि मी फाटकाशी उभे होतो. टॅक्सी वळेपर्यंत आम्ही हात हलवत राहिलो. बाईंनी हलवला नाही. त्यांचे हात मोकळे नव्हते.