पत्र्याच्या दारावरचा पोचा

मुखेडच्या आठवडी बाजारात पत्रकं वाटून राहिलो होतो, तेव्हा लातूरहून दगडूमामांचा फोन आला. मामा म्हणजे अब्बांचे गॅरेजमधले जोडीदार. "जॅक सटकला रे... टेम्पो अंगावर आला. तू ये." अब्बा गेले, असं ते बोललेच नाहीत. माझ्या हातातल्या पत्रकावर ठळक छापलं होतं : 'आपल्या आईबापाला जहन्नमच्या आगीपासून वाचवा.' मजकूर माझाच.

काही आठवडे झाले. आता सरळ लिहितो, कारण लोक वाकडं बोलून राहिले. माझे अब्बा नास्तिक होते. गाड्यांचे पोचे काढणारे मिस्त्री. मनगट लोखंडाचं, तोंडात शिवी. एका दंगलीत त्यांच्या धाकट्या भावाला, नमाज पढून बाहेर पडताना, मशिदीच्या पायरीवरच दगडांनी ठेचलं. अब्बांनी ते फुटलेलं डोकं मांडीवर घेतलं आणि पुन्हा ती पायरी चढले नाहीत. म्हणायचे, "आत त्याच्याशीच बोलून आलं होतं ना पोरगं? घरी पोचेपर्यंत तरी सांभाळायचं त्यानं..."

मी दीनच्या, म्हणजे धर्मप्रचाराच्या, कामाला लागलो आणि पहिलं बोलावणं घरातच दिलं. कानफटात बसली. पत्रक चुरगाळून त्यांनी माझ्या तोंडात कोंबलं. मी सोडलं नाही; ते तरी कुठं सोडत होते! एकदा जेवताना मी त्या पैगंबरांची गोष्ट काढली, जे मूर्तिपूजक बापाला "अब्बा, अब्बा" करत अल्लाकडं बोलवत राहिले. अब्बांनी घास खाली ठेवला. "अन् बाप काय म्हणला? दगडांनी मारीन, निघ इथून. हाव का न्हाई? मला दगड कशाला, हातोडा हाय." आणि फेकलाच. माझं खांद्याचं हाड मोडलं. त्या पैगंबरांनी बापाला दिलेलं उत्तर मला पाठ होतं. पडल्या पडल्या तेच दिलं. "तुमच्यावर सलाम, अब्बा. तुमच्यासाठी माफी मागत राहीन." ते भिंतीवर मूठ आपटत राहिले, कातडं सोलेपर्यंत. मग मला दोन्ही हातांवर उचलून दवाखान्यात नेलं, रस्ताभर शिव्या देत.

दफनाच्या दिवशी कब्रस्तानच्या फाटकात एक बुजुर्ग आडवे आले. "बेटा, त्या पैगंबरांनीही शेवटी बापाशी नातं तोडलं. अल्लाला नाकारणाऱ्याची जनाज्याची नमाज होत नसते."

मी त्यांची कॉलर धरली. "बाप अल्लाचा दुश्मन आहे, हे उघड झालं तेव्हा तोडलं. अब्बांचं तुम्हाला कोणी उघड करून सांगितलं? टेम्पोखाली शेवटच्या श्वासाला अब्बांच्या छातीत काय होतं, बघून आलात?"

धक्काबुक्की झाली. माझा ओठ फाटला. रक्त धुतलं, नमाजेआधीची हातपाय धुण्याची वजू पुन्हा केली आणि नमाज मीच पढवली. मागं गॅरेजचे मिस्त्री. दगडूमामा चपला काढून बाजूला उभे.

अब्बा पहाटेच गॅरेजला निघायचे. निघताना माझ्या खोलीच्या पत्र्याच्या दारावर हातोडा घालायचे. धाड, धाड! "ऊठ बे लौंड्या! फजर चालली. तुझा अल्ला खोळंबलाय!" हाड मोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. माझी एक फजर, पहाटेची एक नमाज, त्या नास्तिक माणसानं हुकू दिली नाही.

परवा दगडूमामा आले. दारावर हात फिरवत म्हणाले, "जगाचे पोचे काढले त्यानं, अन् घरचं दार बघ... दे हातोडा, सरळ करतो."

मी त्यांचं मनगट पकडलं, जरा जोरातच. "न्हाई, मामा. राहू द्या."

आता फजरला गजर लावून उठतो. त्या पोच्याचा आतून फुगवटा आलाय; अंधारात दार उघडताना तळवा बरोबर त्यावर पडतो... मग जातो आणि अब्बांसाठी माफी मागतो. कबूल केलं होतं तसं.