कांबळे साहेबांनी आम्हाला ऐकायला शिकवलं

लेथखाली साठलेला लोखंडाचा कीस रोज शिफ्ट सुटताना झाडून काढता येतो. किस्से तसे निघत नाहीत! कोल्हापूरच्या एका कारखान्यात मी तेवीस वर्षं काढली, त्यातली निम्मी सुपरवायझर म्हणून. पंपाचे सुटे भाग बनवायचो आम्ही. आता जुने तिघं-चौघं चहाला भेटलो की एकजण सुरू करतो आणि सगळे हसतो. हसून झालं की कुणी कुणाकडे बघत नाही.

*

नव्वदीच्या सुरुवातीला कांबळे साहेब मॅनेजर म्हणून आले. पेठ वडगावचे, इंजिनियर, आवाज मऊ. त्यांच्या आधीचे मॅनेजर दारातूनच शिव्या सुरू करायचे, त्यामुळे ते कुठपर्यंत आलेत हे आम्हाला जागेवरूनच कळायचं. कांबळे साहेब मात्र गुपचूप मशीनपाशी येऊन उभे राहायचे आणि विचारायचे.

पहिल्याच आठवड्यात तुकारामकडून लेथवरचा एक जॉब, पंपाचा भाग, बिघडला. तुकाराम म्हणजे आमचा सगळ्यात तोंडाळ टर्नर. साहेबांनी तो जॉब हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "तुकाराम, तुम्हाला काय वाटतं, कशानं झालं असेल?"

जेवणाच्या सुट्टीत तुकाराम डबा न उघडताच माझ्याकडे आला. चेहरा पांढरा!

"मला काढणार हायत व्हय?"

"का रे?"

"शिवी दिली न्हाय. वर इचारालेत, मला काय वाटतंय!"

*

मग साहेबांनी गेटजवळ सूचनापेटी लावली. नाव लिहायची सक्ती नाही. महिनाभर पेटी रिकामी. मग एकच चिठ्ठी निघाली : 'पेटी वाटंत लावलीया. डोस्कं आपटतंय.'

साहेबांनी त्याच दिवशी पेटी हातभर सरकवली आणि फळ्यावर लिहिलं, 'सूचना अमलात आणली. धन्यवाद.' लोकांना गंमत वाटली. पुढच्या महिन्यात अकरा चिठ्ठ्या! बंद पंखे, संडासाची तुटलेली कडी, पिण्याच्या पाण्याला येणारा वास.

साहेब त्या घेऊन मालकांकडे गेले. मीही बरोबर होतो. साहेबांनी एकेक चिठ्ठी वाचून दाखवली. मालकांनी सगळ्या शांतपणे ऐकल्या. ऐकून झाल्यावर हात पुढे केला.

"द्या इकडं. अक्षर बघू."

*

पुढं मालकांनाच कुठून तरी कळलं की आता माणसं प्रेमानं सांभाळायची पद्धत आलीय. आम्हा सुपरवायझरांना एका हॉटेलात दिवसभराच्या ट्रेनिंगला पाठवलं. पुण्याहून आलेल्या ट्रेनरनी जोड्या लावल्या. एकानं तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड न घालता नुसतं ऐकायचं.

माझ्या वाट्याला फौंड्रीचा पाटील आला. बारा वर्षं आमच्या शेड शेजारी शेजारी. पाटील आधी हसला, "काय बोलायचं आता तुझ्याशी!" म्हणाला. मग खाली बघून बोलायला लागला. त्याची मुलगी वर्षापूर्वी वारली होती. सातवीत होती. मला माहीतच नव्हतं! ती गेली त्याच आठवड्यात फौंड्रीतलं ओतीव कास्टिंग वेळेवर आलं नाही म्हणून मी त्याला चारचौघांत वाट्टेल ते बोललो होतो. त्यानं तेव्हा एवढंच म्हटलेलं, "जरा घरची अडचण होती."

पाटलाचा आवाज फुटला आणि तेवढ्यात ट्रेनरची शिट्टी वाजली.

"एक्सलंट!" ट्रेनर म्हणाले. "आता पार्टनर बदला!"

*

ट्रेनिंगवरून आल्यावर मी ओरडणं सोडलं. अगदी मनापासून.

माझ्या हाताखाली मारुती होता, शिवाजी पेठेतला. पन्नाशीच्या आतबाहेरचा, अबोल. त्याचं माप कधी चुकायचं नाही. पण मी मऊ बोलायला लागलो आणि नेमके त्याचेच जॉब बिघडायला लागले! सांगावं एक, तर तो करायचा भलतंच. तीन आठवडे मी गोड बोललो आणि तीन आठवडे त्याचा माल रिजेक्ट झाला. वाटलं, हा मला खेळवतोय.

कांबळे साहेब म्हणाले, "रागावू नका. बाजूला घ्या, बसवा आणि विचारा."

कँटीनच्या मागं बाकावर बसवून मी विचारलं, "मारुती, काय होतंय तुला?" तो माझ्या ओठांकडं बघत राहिला. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्याचे डोळे भरले.

"ऐकू येत न्हाय, सायब. पाच वर्सं झाली."

"अरे, मग इतके दिवस कसं चाललं?"

"तवा तुमी वरडत हुतासा की!"

*

साहेब त्याला स्वतः कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. मारुती जायला तयार नव्हता. "मशीनवरनं काढतील," एवढंच म्हणत होता. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला, "मी आहे ना."

डॉक्टरांचा रिपोर्ट जोडून साहेबांनी वर अर्ज पाठवला. कंपनीनं त्याला कानाचं मशीन द्यावं, बरोबर शेडमधल्या सगळ्यांचेच कान तपासावेत. वरून उत्तर आलं, "बघू." साहेबांनी तोवर मारुतीच्या लेथला एक पाटी टांगली. मी खडूनं लिहायचो, तो वाचायचा. त्याचं माप परत बरोबर यायला लागलं.

अर्ज मात्र फाइलीतच राहिला. चांगला सहा-सात वर्षं राहिला!

*

दोन हजारनंतर धाकटे मालक परदेशातून शिकून आले. चांगले हसतमुख होते. सगळ्यांना नावानं हाक मारायचे. एका शनिवारी त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये गोळा केलं, केक कापला आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "हा कारखाना नाही. आपण सगळे एक फॅमिली आहोत!"

मागं उभा असलेला तुकाराम माझ्या कानात म्हणाला, "वाटणी व्हणार बगा."

सोमवारी सकाळी नोटीस बोर्डावर कमी करायच्या लोकांची यादी लागली. तुकाराम होता. मारुती होता. मारुतीच्या नावापुढं कारण लिहिलेलं : वैद्यकीयदृष्ट्या अपात्र.

*

कांबळे साहेब तडक वर गेले. मी मागोमाग. साहेबांना जिना चढून धाप लागली होती.

"सर, तो रिपोर्ट मी पाठवला होता. त्याला मदत मिळावी म्हणून."

धाकट्या मालकांनी उठून साहेबांचा हात हातात घेतला. "आय नो, कांबळे साहेब. थँक यू! तुमच्यामुळं आपल्याकडं पेपर तरी आहेत."

खाली येताना साहेब जिन्याच्या मध्यावर थांबले, कठडा धरून. म्हणाले, "पाच वर्षं त्यानं लपवलं होतं हो. मी विचारायला लावलं म्हणून बाहेर आलं."

त्या दिवशी मारुतीला त्यांनी स्वतः पाटीवर लिहून सांगितलं. त्यानंतर साहेब शेडमध्ये यायचे, उभे राहायचे आणि जायचे. कुणाला काही विचारताना मी त्यांना पाहिलं नाही.

*

मारुतीचा शेवटचा दिवस. त्याच्या लेथवर ठेकेदाराचा एक नवा माणूस आला होता, बिद्रीकडचा, तिशीचा, दोन पोरांचा बाप. आपण कुणाच्या जागी आलोय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

शिकवायला मारुतीला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंच त्या माणसाचा हात धरला आणि तळवा मशीनवर टेकवला.

"हितं बगा, पावणं. जॉब बिगडायच्या आदी हाताला कळतंय."

मग स्वतः हात मागं बांधून उभा राहिला. नव्यानं पहिला जॉब घालवला. दुसराही घालवला. मारुतीनं फक्त त्याचा तळवा उचलून परत मशीनवर ठेवला. दिवसभर हेच चाललं होतं. शेवटचा जॉब मापात बसला, तेव्हा भोंगा झाला. लोक हात धुवायला निघाले.

"मामा, उद्या भोकाच्या आतलं बोरिंग दाखवा की!" नवा खुशीत म्हणाला.

मारुतीनं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणतोय?"

मी खडू उचलला. बराच वेळ तो माझ्या हातातच राहिला. मग पाटीवर लिहिलं, 'समजलं म्हणतोय.'

मारुतीनं ते वाचलं. हातातली पिशवी खाली ठेवली, मशीन परत चालू केलं आणि त्या माणसाला म्हणाला,

"न्हाय अजून. आनि एकदा करा."